न हललेलं घर, हललेलं बिऱ्हाड

आमच्या घराण्यात देश बदलणारी मी पहिली, राज्य बदलणारी नव्हे. आजोबांचा जन्म शहापुरातला. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. बेळगावला लागून, पण राजा वेगळा. १९४८ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९७३ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. या सगळ्या काळात आजोबा त्याच घरात, त्याच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणत होते. देव्हारा, परसातली विहीर, शेजारी, सगळं जागच्या जागी होतं. घराबाहेरचं राज्य तेवढं बदलत गेलं.

मी जर्मनीला निघाले तेव्हा वडील म्हणाले होते, "तुझ्या आजोबांनी उंबरा न ओलांडता तीन राज्यं बघितली. तू निदान तिकीट काढून तरी जातीयेस." ते हसत म्हणाले, पण मला ते वाक्य पुढे पुष्कळ दिवस पुरलं. परदेशी स्थायिक झालेली माणसं लिहितात त्यात भाषेचा, कागदांचा, परकेपणाचा धक्का असतो. तो मलाही बसला. पण माझ्या बाबतीत त्याखाली एक जुनी ओळखीची गोष्ट होती, आणि ती नीट सांगता यावी म्हणून हे लिहितेय.

आम्ही स्टुटगार्टजवळ, नेकार नदीकाठच्या एस्लिंगेनमध्ये राहतो. नवऱ्याने बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीतून सुरुवात केली, मग मशीन शॉप, मग यंत्रं बनवणाऱ्या इथल्या कारखान्यात नोकरी. बेळगावातून या बाजूला येणाऱ्यांची ही वाट आता तशी रुळलेली आहे. लोखंड ओतणं आणि कातणं हे आमच्याकडच्या पोरांना लहानपणापासून कानावर असतं, आणि इथे त्याच कामाला मान आहे.

निघण्याआधीची पहिली अडचण सीमाभागाची होती. कर्नाटकात राहणाऱ्याने जर्मनीच्या व्हिसासाठी बेंगळूरच्या वकिलातीकडे जायचं. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर हद्द ओलांडली की लगेच शिनोळी लागतं. तिथे माझी मावशी राहते. तिच्या मुलाने असाच अर्ज केला तो मुंबईकडे. दोघांच्या घरांमध्ये बेळगावच्या एखाद्या उपनगराइतकंच अंतर, शेतं जवळपास एकाच पाण्यावरची, पण कागद एकाचे दक्षिणेला गेले आणि दुसऱ्याचे उत्तरेला. बेळगावपासून मुंबई काय, बेंगळूर काय, पाचशेक किलोमीटरच. त्यामुळे त्रास प्रवासाचा नव्हता. रात्रीच्या गाडीत डोळा लागेना तेव्हा मनात येत राहिलं की मी परदेशी जायला निघालेय आणि वाटेत मला आधी मी कुठली आहे हे सिद्ध करावं लागतंय.

ते सिद्ध करणंही सोपं नव्हतं. वडिलांचं नाव शेताच्या उताऱ्यावर कन्नडमध्ये, माझ्या शाळेच्या रजिस्टरात मराठीत, पासपोर्टवर इंग्रजीत. कन्नडमधून इंग्रजीत उतरलेलं आडनाव आणि मराठीतून उतरलेलं आडनाव यांत एका अक्षराचा फरक. सीमाभागातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असं एखादं अक्षर असतं, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते करून देणारे वकीलही असतात, त्यांना आधीच माहीत असतं तुम्ही कशासाठी आलात ते.

सामानाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण त्यावर घरात महिनाभर चर्चा चालली होती. युरोपीय संघाचा नियम असा की, बाहेर वर्षभर किंवा जास्त राहिलेला माणूस इथे राहायला येत असेल तर निदान सहा महिने वापरलेलं घरसामान त्याला जकात न भरता आणता येतं. मात्र आणल्यावर वर्षभर ते विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. वडिलांना हा नियम फार आवडला. त्यांनी वहीत यादी केली: पितळी परात, खलबत्ता, पोळपाट, पुरणयंत्र, किसणी, मुलीचा पाळणा. तो पाळणा तिला केव्हाच लहान झाला होता. परात आली, पाळणा राहिला. खोकी न्हावा-शेव्याहून जहाजाने हांबुर्गला गेली आणि तिथून ट्रकने आमच्याकडे.

खाण्याचं मात्र आईला शेवटपर्यंत पटलं नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून आणता येत नाहीत. म्हणजे कुंदा नाही. बेळगावहून कुणी कुठेही निघालं की हातात कुंद्याचा डबा असतोच. पुण्याला, मुंबईला, गोव्याला, लग्नाला, मयताला सुद्धा. आईने विचारलं, "मग लोकांच्या घरी काय घेऊन जाणार तुम्ही?" कढीपत्ताही नाही, कारण ताजा पाला आणायचा तर रोपांच्या आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. फळांत मोजकी मोकळी आहेत: केळं, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. नारळ चालतो म्हटल्यावर तिचा चेहरा जरा खुलला. प्रत्येक बॅगेत एक, असे नारळ बांधून दिले तिने, आणि गृहप्रवेशाला त्यातला एक फोडला.

गृहप्रवेश कशात, तर रिकाम्या खोल्यांत. हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून सांगते: जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की बहुतेक वेळा त्यात स्वयंपाकघर नसतं. खोली असते. ओटा, कपाटं, शेगडी, सिंक यांतलं काहीच नसतं. भिंतीतून पाण्याचा पाईप आणि वीजजोडणी बाहेर आलेली असते, बाकी आधीचा भाडेकरू उचलून नेतो, नाहीतर तुम्हाला विकतो. छतातून दिव्यांच्या जागी वायरी लोंबत असतात. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेतात. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे पुढे समजलं. मग इंडक्शनची शेगडी घेतली, आणि त्यावर आमचा अॅल्युमिनियमचा कुकर तापेना. मिक्सर मात्र बेळगावचाच चालला, विजेचा दाब दोन्हीकडे सारखा आहे, नुसती पिन बदलायची.

ते स्वयंपाकघर जोडायला आली धारवाडची एक बाई आणि तिचा नवरा. आमच्याच कारखान्यातलं कुटुंब. चार संध्याकाळी स्क्रू, बिजागऱ्या, फळ्या आणि मधे तिच्या डब्यातली ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, एण्णेगाई. एण्णेगाईला आम्ही भरलं वांगं म्हणतो, चव तीच. ती मराठी समजते, मी कन्नड वाचते आणि मोडकंतोडकं बोलते. शाळेत शिकलेलं आहे. आमचं बोलणं तीन भाषांतून चालतं. जर्मन बोलायची वेळ येते तेव्हा दोघींची सारखीच चुकते. तिच्याबद्दल पुढे परत लिहावं लागणार आहे.

इथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि ती नोंद झाली की पुढचं सगळं, करक्रमांक, बँक, विमा, शाळा, आपोआप रांगेने येऊ लागतं. येतं ते टपालाने. हा देश अजून टपालावर चालतो. आणि टपाल पोचण्यासाठी एक गोष्ट लागते, जिचं महत्त्व मला आधी समजलं नाही. इमारतीत घरांना सहसा नंबर नसतात. खालच्या दारावर घंट्यांची पाटी आणि पत्रपेट्यांची रांग असते, त्यावर आडनावं. तुमचं आडनाव तिथे नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. नोंदणी झाली असली तरी पाटी नसेल तर तुम्ही तिथे नाही.

नावाच्या पाटीवर माझा जीव का अडकावा, हे सीमाभागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. आमच्याकडे पाटी कुठल्या लिपीत हा प्रश्न दुकानापासून गावाच्या वेशीपर्यंत आहे. २०१४ साली येळ्ळूरच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर काढला गेला आणि गावात लाठीमार झाला. त्या दिवसांत आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. आता कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. वडिलांनी घराच्या दारावर लाकडात कोरलेली देवनागरी पाटी लावलीय. ती दर दिवाळीला तेल लावून पुसतात. घर आपलं, पाटी आपली, एवढं तरी, असं त्यांचं म्हणणं.

एस्लिंगेनच्या दारावर आमचं आडनाव रोमन अक्षरांत छापून आलं. घरमालकीणबाईंनीच करून दिलं, बाकीच्या पाट्यांच्या मापाचं, त्यांच्यासारख्याच टायपात. माझ्या आडनावाचं स्पेलिंग त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि बरोबर छापलं. मी बराच वेळ ती पाटी बघत होते. देवनागरी नसल्याचं वाईट वाटलं नाही, ही गोष्ट मला स्वतःलाच नवी होती.

त्यानंतर मी याचा खूप विचार केला. बेळगावात एखाद्या कचेरीत गेलं आणि पुढ्यात फक्त कन्नड फॉर्म आला की माझ्या पोटात काहीतरी आवळतं. मला तो वाचता येतो, भरता येतो, तरीही. इथे तर जर्मन पत्रांचा ढीग येतो, त्यातली निम्मी मला सुरुवातीला शब्दकोश घेऊन बसल्याशिवाय समजत नव्हती, आणि पोटात काही होत नव्हतं. कंटाळा यायचा, धास्ती वाटायची, पण ते आवळणं नव्हतं. मी इथे आपण होऊन आलेय. भाषा या लोकांची, गाव त्यांचं; शिकायचं काम माझं. शहापुरात आम्ही कुणाकडे गेलो नव्हतो. सरकार आमच्या दारात आलं आणि म्हणालं, आजपासून आमच्या भाषेत बोला. आजोबा शेवटपर्यंत एकच सांगायचे: १९४६ला बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेव्हा ते मंडपात उभे होते, आणि दहा वर्षांनी तो ठराव जिथे झाला तेच गाव बाहेर राहिलं. कन्नड भाषेवर त्यांचा राग नव्हता. त्यांच्या सुताचे व्यापारी कन्नड होते आणि हिशेब ते कन्नडमध्येच बोलायचे. राग होता तो न विचारल्याचा.

स्थलांतरित आणि सीमेवरचा माणूस यांतला हा फरक मला जर्मनीत जितका स्पष्ट दिसला तितका बेळगावात राहून कधी दिसला नसता. आणि गंमत म्हणजे तो मला दाखवला जर्मन सरकारच्याच वर्गाने. नव्याने आलेल्यांसाठी इथे एकात्मतेचा अभ्यासक्रम असतो: साधारण सहाशे तास भाषा आणि शंभर तास इतिहास, कायदा, समाज. त्या शंभर तासांत एका दुपारी शिकवणाऱ्या बाईंनी नकाशा लावला आणि सांगितलं की या देशात चार मान्यताप्राप्त राष्ट्रीय अल्पसंख्याक आहेत: डॅनिश, फ्रीझियन, सोर्ब, आणि सिंती व रोमा. वर्गातल्या एका तुर्की मुलाने विचारलं, आम्ही एवढे लाखो आहोत, आम्ही का नाही? बाईंनी दिलेलं उत्तर असं होतं: तुम्ही इथे आलात. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहत होते तिथेच राहिले, त्यांच्याभोवती देश झाला किंवा बदलला.

त्या मुलाचं समाधान झालं नाही, आणि त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचंही वाटत नाही. तिसरी पिढी इथे जन्मली की 'आलात' हा शब्द किती दिवस वापरायचा? पण मी मात्र वहीत पटापट लिहून घेत होते. १९२०मध्ये डेन्मार्क आणि जर्मनीच्या सीमेवर सार्वमत झालं. उत्तरेचा पट्टा डेन्मार्ककडे गेला, दक्षिणेचा जर्मनीत राहिला. तरी दोन्हीकडे थोडे थोडे 'पलीकडचे' उरलेच. मग १९५५ला बॉन आणि कोपनहेगनहून दोन्ही सरकारांनी घोषणा केल्या: माणसाने स्वतःला डॅनिश म्हटलं की तो डॅनिश, सरकारने तपासायचं नाही. जर्मनीतल्या डॅनिश मुलांना डॅनिश शाळा. त्यांच्या पक्षाला विधिमंडळात जागा मिळण्यासाठीची पाच टक्के मतांची अट माफ. पूर्वेकडे सोर्ब लोकांच्या भागात गावाच्या पाट्या दोन भाषांत. १९५५. आमचा भाग दुसऱ्या राज्यात गेला त्याच्या आदल्या वर्षी. अर्थात तिकडेही सगळं लगेच गोड झालं नसणार. पण रीत ठरली, आणि ती लिहून ठेवली गेली.

आमच्याकडे रीत ठरलीच नाही. १९६६ला महाजन आयोग नेमला, पुढच्या वर्षी अहवाल आला. काही गावं इकडे, काही तिकडे, बेळगाव कर्नाटकातच, असं त्यात म्हटलं होतं. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. मी शाळेत असल्यापासून 'निकाल लागणार' हे वाक्य ऐकतेय. त्या निकालाची वाट बघत बसलेल्या पिढीतले आजोबा गेले. आणि या मधल्या काळात मराठीतून परिपत्रक मिळावं, सातबाराचा उतारा मराठीत मिळावा, एवढीशी मागणी घेऊन लोक अजून निवेदनं देतायत. १९८६ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसं गेली. बेळगावजवळ हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. हद्दीचा प्रश्न कोर्टात असू दे, पण कागद भाषेत द्यायला कोर्ट कशाला लागतं, हे मला आजही समजत नाही. जर्मनीतल्या अनोळखी डॅनिश माणसाला जे मिळालं ते पाहून आनंद झाला की वाईट वाटलं, नेमकं सांगता येत नाही. दोन्ही झालं.

आता तळमजल्यावरच्या आजींबद्दल. ऐंशीच्या आसपासच्या आहेत. आमची पहिली ओळख जिना झाडण्यावरून झाली. स्टुटगार्टभोवतीच्या या श्वाबियन मुलखात केरवोख नावाची पद्धत आहे: इमारतीचा जिना आणि दारापुढची जागा आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर स्वच्छ ठेवायची. आपली पाळी आली की दारावर एक छोटी पाटी अडकवलेली सापडते. मी जिना झाडला, पुसला, आणि सवयीने उंबऱ्यापुढे पाणी शिंपडलं. आजी बाहेर आल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, हे पाणी कशाला? मी सांगितलं. पुढे त्यांच्या पाळीच्या वेळी गुडघे दुखले की मीच झाडते, आणि त्या मला माझी पत्रं वाचून समजावून देतात.

त्यांनीच मला सांगितलं की त्या इथल्या नाहीत. मला वाटलं पोलंड वगैरे असेल. तर म्हणाल्या, बाडनच्या आहे, कार्ल्सरूहची. म्हणजे याच राज्याच्या दुसऱ्या भागाची, गाडीने तासाभराच्या वाटेवरची! बाडन-वुर्टेंबर्ग हे राज्य १९५२ला जोडून केलेलं आहे. १९५१च्या डिसेंबरात मतदान झालं, पण मोजणी अशा विभागांनी केली की जुन्या बाडनमध्ये एकंदर बहुमत विरोधात असूनही राज्य झालंच. बाडनचे लोक गप्प बसले नाहीत. १९५६ला (हे वर्ष ऐकताच मी हातातला कप खाली ठेवला) जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की बाडनच्या लोकांना पुन्हा स्वतंत्रपणे विचारण्याची मागणी योग्य आहे. सरकारने चालढकल केली. शेवटी ७ जून १९७०ला फक्त बाडनमध्ये सार्वमत झालं. ८१.९ टक्के लोकांनी सांगितलं, आता राहू दे, एकत्रच बरं.

"तुम्ही कसं मत दिलंत?" मी विचारलं.

"मी विरोधात दिलं," आजी म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी पण. आम्ही हरलो. मग लग्न करून इथे आले."

मी विचारलं, राग गेला का? त्या म्हणाल्या, श्वाबियन लोकांबद्दल विचारशील तर नाही, ते चिकटच आहेत. पण राज्याबद्दल काही नाही. मोजणी झाली ना.

मी वर येऊन वडिलांना फोन लावला आणि हे सगळं सांगितलं. अठरा वर्षांनी का होईना विचारलं, आणि जे हरले तेही मान्य करून राहिले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडे अठराची सत्तर होत आली की गं." नंतर म्हणाले, "आता विचारलं तरी कुणाला विचारणार? अर्धी पोरं पुण्यात, तू तिकडे." या दुसऱ्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते खरंच आहे. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, कुठल्याही गल्लीत जा, घरटी एक तरी मूल बाहेर आहे. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होतायत, ते कन्नडपायी थोडे आणि इंग्रजीपायी जास्त. मी स्वतः त्या जाणाऱ्यांतली आहे. सीमाभाग लढून टिकवायचा तर तिथे माणसं हवीत, आणि माणसांना पोट आहे, या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोट्या पाडत नाहीत.

धारवाडच्या मैत्रिणीकडे परत येते. १ नोव्हेंबर हा आमच्याकडे काळा दिन. मराठी माणसं काळे कपडे, काळ्या फिती घालून मूक फेरीत चालतात. त्याच दिवशी त्याच शहरात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची मिरवणूक निघते. एस्लिंगेनमध्ये १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, सरकारी सुटी; लोक दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. मैत्रिणीने मला कन्नड मंडळींच्या राज्योत्सवाला बोलावलं, मनापासून, पोरांची नाचगाणी आहेत म्हणून. मी येत नाही म्हटलं. तिने "का?" विचारलं, आणि मी टाळाटाळ न करता सांगितलं: मागाचं, आजोबांचं, फॉर्मचं, हिंडलग्याचं. मला वाटलं होतं ती दुखावेल. ती म्हणाली, "आमच्याकडे हा दिवस म्हणजे फक्त शाळेतलं झेंडावंदन आणि पेढा. तुमच्या गल्लीत त्या दिवशी काय असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." ती कार्यक्रमाला गेली, जायलाच हवं होतं, तिची मुलगी नाचणार होती. दुसऱ्या दिवशी उरलेली चित्रान्नाची भांडी घेऊन आली आणि आम्ही जेवलो. एकमेकींना पटवायचा प्रयत्न आम्ही त्यानंतरही केलेला नाही. पण ती आता मला दुसऱ्यांसमोर 'बेळगावची' म्हणते, 'कर्नाटकातली' म्हणत नाही, आणि हे तिने आपल्या मनाने सुरू केलं.

उलट बाजूही सांगते. स्टुटगार्टच्या बाजूला मराठी मंडळी गणपतीला जमतात. तिथे पहिल्याच वर्षी कुणीतरी प्रेमाने विचारलं, महाराष्ट्रात कुठल्या? मी म्हटलं, बेळगाव. "अरे वा, म्हणजे कर्नाटक ना? तरी मराठी इतकं छान बोलता!" त्या बाईंचा हेतू चांगला होता. त्यांना मी बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांबद्दल, १८४८ पासूनच्या वाचनालयाबद्दल सांगत बसले, आणि त्यांनी ते खरंच लक्ष देऊन ऐकलं. पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाला आमचा प्रश्न माहीत नसतो, याचा दोष मी त्यांना देत नाही. पण माझ्यासाठी तो माणूस लांबचा राहतो. कन्नड मैत्रीण जवळची वाटते आणि मराठी मंडळ लांबचं, अशीही संध्याकाळ मी काढलीय. घरी आल्यावर मुलीशी आमच्या बेळगावच्या हेलात बोलले तेव्हा बरं वाटलं. भाषेच्या वर्गात शुद्ध जर्मन शिकून आलेली मी जिन्यात आजींचं आणि बाकीच्या शेजाऱ्यांचं श्वाबियन ऐकून गडबडते, पण ते ऐकायला मला आवडतं. प्रमाणभाषेच्या बाहेर निर्धास्त बोलणारी माणसं मला घरची वाटतात.

मुलगी मोठी होतेय. पहिलीत गेली तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे तिच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला उंच कागदी शंकू होता. माझ्या आईने व्हिडिओवर बघून लाडूही त्यात घालायला लावला. ती जर्मनमध्ये भांडते, मराठीत रडते. शनिवारी आम्ही दोघी देवनागरी गिरवतो. मी तिला एवढंच सांगते की ही भाषा आपल्याला कुणी फुकट दिलेली नाही.

आणि आता तो अर्ज. जर्मनीने २०२४च्या जूनमध्ये कायदा बदलला. पाच वर्षं राहिलं, भाषा आली, तेहतीस प्रश्नांच्या परीक्षेत सतरा उत्तरं बरोबर आली की नागरिकत्व मागता येतं, आणि जर्मनीच्या बाजूने जुनं नागरिकत्व सोडायची अट आता नाही. भारताच्या बाजूने आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा परत करायचा, त्याबदल्यात ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड मिळतं. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही. मत देता येत नाही.

नवरा तयार आहे आणि त्याची कारणं योग्य आहेत: मुलीचं शिक्षण, नोकरीची खात्री, दर वेळी परवान्याच्या रांगेत उभं राहायला नको. मी परीक्षा दिली, पास झाले. फॉर्म घरात आहे. मी अजून सही केलेली नाही, आणि त्याला ते समजलंय. आमच्या घरात कुठल्या राज्यात राहायचं, कुठल्या देशात राहायचं हा प्रश्न कागदावर विचारला गेलेली मी पहिलीच माणूस आहे. आजोबांना कुणी विचारलं नाही, वडिलांना नाही. मला विचारलंय, तेही परक्या सरकारने, आणि खाली सहीला जागा सोडलीय. घाईत उत्तर द्यायला मन होत नाही.

सध्या माझं नाव परदेशस्थ मतदार म्हणून यादीत आहे. त्यासाठीचा फॉर्म वेगळा असतो, सहा-अ, आणि मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन स्वतः आपल्या केंद्रावर जावं लागतं. आमचं केंद्र शहापुरातल्या मराठी शाळेत, मी जिथे बाराखडी शिकले त्याच वर्गाच्या शेजारी. परवा वडिलांना अर्जाबद्दल पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. वाटलं होतं वाद होईल. ते म्हणाले, "पोरीचं बघून काय ते ठरव. आम्ही हाय नव्हं इथं." मग थोडं थांबून विचारलं, "विधानसभेला तरी येणार काय? यायचं असलं तर आधीच सांग. मे महिन्यात तिकिटं महाग होत्यात, आणि मुंबईला उतरू नको, गोव्याला उतर, चोर्ल्यातनं मी गाडी घेऊन येतो."